केमो संपली, आता गोळीचे दिवस

घरात कॅन्सर शिरला की सारे घर एका दिवसाकडे डोळे लावून बसते. तो दिवस शेवटच्या केमोचा. सहावी केमो झाली की शेजारपाजारच्या बाया भेटून जातात. "सुटलीस गं बाई एकदाची," असे म्हणतात. महिना-दोन महिन्यांत डोक्यावर बारीक केस दिसू लागतात, तोंडाला चव येते. मग पाणी भरणे, धुणीभांडी, स्वयंपाक हे सगळे हळूहळू पुन्हा तिच्याच अंगावर येते. घर म्हणते, आजार संपला.

पण अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळ भगिनींच्या हाती नेमक्या त्याच वेळी डॉक्टर एक नवी चिठ्ठी देतात. ती रोज घ्यायच्या गोळ्यांची असते, किंवा दर तीन आठवड्यांनी घ्यायच्या सलाइनची. हे औषध महिना-दोन महिन्यांचे नसते. ते वर्ष, दोन वर्षे, कधी तीन वर्षे चालते. डॉक्टर याला 'मेंटेनन्स' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर केमोने आलेला गुण टिकवून धरण्याचे औषध.

आम्ही दिवसभर कचेरीत हिशेबाच्या वह्या लिहिणारे, डॉक्टर नव्हे. परंतु वांगणी-बदलापूर भागातील आजारी माणसांचे कागद लावून देणे, योजनेचे फॉर्म भरणे, वेळप्रसंगी दवाखान्यात सोबत जाणे या कामात एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसली. केमोच्या काळात धावपळ करणारे घर गोळीच्या काळात थंडावते. बाई चांगली दिसते, म्हणून ती बरी झाली असे धरले जाते. गोळी महाग वाटू लागते. मग एक दिवसाआड गोळी, मग अर्धी गोळी, मग "पुढच्या पगाराला बघू." हे होऊ नये म्हणून हा लेख. गोळी बाई गिळते; पण ती वेळेवर, पुरेशी आणि निर्धास्तपणे गिळता यावी ही जबाबदारी सगळ्या घराची आहे.

उशिरा कळणारा आजार

अंडाशये ओटीपोटात खोलवर असतात. तेथील गाठ हाताला लागत नाही. पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही लक्षणे आपण गॅस, पित्त किंवा वय यांच्यावर ढकलतो. त्यामुळे बहुतेक भगिनींचा आजार तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यावर कळतो. मग ऑपरेशन आणि केमो. केमोत बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन औषधे दर तीन आठवड्यांनी, साधारण सहा वेळा दिली जातात.

या केमोला हा आजार चांगला उतरतो. अनेकींचे स्कॅन स्वच्छ येते. अडचण पुढे असते. डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणाऱ्या काही पेशी मागे राहतात, आणि उशिरा कळलेल्या आजारात तो पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण मोठे आहे. मेंटेनन्सचे औषध असते ते या मागे राहिलेल्या पेशींसाठी. म्हणून बाई चांगली असतानाच ते घ्यायचे असते. "बरी आहे तर औषध कशाला?" या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

दोन पुलांची गोष्ट

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत तिच्या कामाचा आराखडा असतो. त्याला डीएनए म्हणतात. हा आराखडा रोज थोडाफार तुटतो आणि पेशी तो रोज दुरुस्त करते. दुरुस्तीच्या एकाहून अधिक वाटा आहेत. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुके एक वाट सांभाळतात. पार्प नावाचे द्रव्य दुसरी वाट सांभाळते.

उल्हास नदीवर दोन पूल आहेत असे समजा. एक पूल आधीच खचलेला असेल तर सगळी वाहतूक दुसऱ्यावर येते. तोही बंद केला तर पलीकडचे गाव अडकते. ज्या कॅन्सरच्या पेशीत बीआरसीएचा पूल मोडलेला असतो, ती पार्पच्या पुलावर जगत असते. गोळी तो पूल बंद करते आणि ती पेशी मरते. चांगल्या पेशींचा बीआरसीएचा पूल शाबूत असतो, म्हणून त्या बहुतांशी तग धरतात.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. बीआरसीए-१ हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे हे अमेरिकेतील डॉ. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवले. १९९४ साली ते जनुक शास्त्रज्ञांच्या हाती लागले. पार्पचा पूल बंद केला तर अशा पेशी मरतात हे २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ओलॅपॅरिब या पहिल्या गोळीला अमेरिका आणि युरोपात डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली, भारतात २०१८ साली. निरॅपॅरिब ही त्याच जातीची दुसरी गोळी. बेव्हॅसिझुमॅब हे मात्र वेगळे औषध आहे. ते सलाइनमधून देतात आणि ते गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही.

कुणाला आणि किती दिवस?

ही गोळी सर्वांना सारखी लागू पडत नाही. अंडाशयाच्या कॅन्सरच्या दर पाच भगिनींपैकी साधारण एकीत बीआरसीएचा दोष सापडतो. त्यांना गोळीचा फायदा सर्वांत जास्त. ज्यांच्यात हा दोष नसतो पण दुरुस्तीची वाट दुसऱ्या कारणाने मोडलेली असते, त्यांनाही बराच उपयोग होतो. ज्यांची वाट शाबूत असते त्यांना फायदा कमी. म्हणून डॉक्टर आधी रक्ताची आणि गाठीच्या तुकड्याची तपासणी सांगतात. कुणाला गोळी दिली नाही, नुसते तपासणीला बोलावले, तर आपल्याकडे दुर्लक्ष झाले असे समजू नये.

फायदा किती, याचा आकडा पाहा. बीआरसीएचा दोष असलेल्या ३९१ स्त्रियांवर झालेल्या सोलो-१ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या केमोनंतर काहींना दोन वर्षे ओलॅपॅरिब दिली, काहींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. तीन वर्षांनी आजार न उलटता जिवंत असलेल्या स्त्रिया गोळीच्या गटात १०० पैकी सुमारे ६० होत्या, दुसऱ्या गटात सुमारे २७. सात वर्षांनी पाहिले तेव्हा गोळीच्या गटात ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात सुमारे ४७ टक्के. निरॅपॅरिबने आजार परतण्याचा काळ लांबतो हे २०१९ साली दिसले. पण २०२४ साली आलेल्या अखेरच्या निष्कर्षात एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. हेही वाचकांना माहीत असावे. कोणते औषध आपल्याला का दिले, हे डॉक्टरांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पहिल्या केमोनंतर ओलॅपॅरिब सर्वसाधारणपणे दोन वर्षे, निरॅपॅरिब तीन वर्षांपर्यंत आणि बेव्हॅसिझुमॅब वर्ष-सव्वा वर्ष देतात. आजार एकदा उलटून पुन्हा केमो झाली असेल तर गोळी गुण देते तोवर चालू ठेवतात.

आणखी एक खुलासा. २०२५ साली भारताच्या औषध नियंत्रकांनी ओलॅपॅरिबचा एक उपयोग बंद करण्यास सांगितले, तेव्हा काही घरांत घबराट झाली. तो उपयोग तीन किंवा अधिक वेळा केमो घेऊन झालेल्या रुग्णांत आजारावरचा उपचार म्हणून होता. केमोनंतर गुण टिकवण्यासाठीचा उपयोग त्यात नव्हता. बातमी ऐकून कुणीही आपल्या मनाने गोळी थांबवू नये.

गोळीचा त्रास आणि घरचे उपाय

गोळी म्हणजे केमोपेक्षा सोपे, असे सगळे म्हणतात. सोपे खरे, पण फुकटचे नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत मळमळ होते. पोटात थोडे काही घालून मग गोळी घ्यावी. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, मऊ भात किंवा मुगाची खिचडी चालते. ओलॅपॅरिब दिवसातून दोनदा असते. निरॅपॅरिब एकदाच असते, ती रात्री झोपताना घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. तरीही त्रास झाला तर उलटी थांबवण्याची गोळी डॉक्टर देतात. ती मागायला संकोच करू नये.

दुसरा त्रास रक्त कमी होण्याचा. ओलॅपॅरिब घेणाऱ्या दर पाच भगिनींत साधारण एकीचे रक्त बरेच उतरते. येथे घराची एक चुकीची समजूत आड येते. बीट, गूळ, खजूर खाऊ घातले की रक्त भरेल असे वाटते. हे पदार्थ जरूर खावेत. पण येथे रक्त कमी होते ते गोळीमुळे हाडातील मगजाचे काम मंदावल्याने. म्हणून दर महिन्याला रक्ततपासणी हवीच. निरॅपॅरिब असेल तर पहिला महिना दर आठवड्याला. रक्त फार उतरले तर डॉक्टर काही दिवस गोळी थांबवतात, डोस कमी करतात किंवा रक्त चढवतात.

गोळी थांबली की घरात रडारड होते. पण सोलो-१ अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांची गोळी मध्येच कधी ना कधी थांबवावी लागली होती, आणि २८ टक्के स्त्रियांचा डोस कमी करावा लागला होता. वर दिलेले चांगले आकडे या सगळ्यांना धरूनच आहेत. त्रासामुळे गोळी कायमची सोडावी लागली ती सुमारे १२ टक्क्यांना. डॉक्टरांनी विचारपूर्वक थांबवणे वेगळे, आपण परस्पर थांबवणे वेगळे.

तिसरा त्रास थकव्याचा. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून घरात सर्वांत जास्त गैरसमज त्याच्यावरूनच होतात. तो आळस नव्हे. दुपारी थोडी विश्रांती आणि सकाळ-संध्याकाळ जमेल तेवढे चालणे, या दोन्हींचा उपयोग होतो. पॅक्लिटॅक्सेलमुळे हातापायाला आलेल्या मुंग्या कित्येक महिने राहतात. अशा हातांनी गरम तवा, उकळते पातेले उचलू देऊ नये.

निरॅपॅरिबने आणि बेव्हॅसिझुमॅबने रक्तदाब वाढतो, म्हणून तो मोजून घ्यावा. बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर लघवीचीही तपासणी लागते. ताप १००.४ च्या वर गेला, नवा खोकला किंवा धाप लागली, हिरड्यांतून रक्त आले, अंगावर काळेनिळे डाग उठले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. शंभरांत एक-दोघींना फार पुढे जाऊन रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. नियमित तपासणीचे तेही एक कारण आहे.

दुसऱ्या औषधांविषयी फार सावध राहिले पाहिजे. गजकर्णासाठी हल्ली सर्रास दिली जाणारी इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी ओलॅपॅरिबचे रक्तातील प्रमाण वाढवते. टीबीची रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ते कमी करतात. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडे सर्दीसाठी गेलात तरी आधी कॅन्सरच्या गोळीचे नाव सांगा. ग्रेपफ्रूट हे फळ आणि सेव्हिल जातीचे कडू संत्रे वर्ज्य आहे. त्याच कुळातील पपनस खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. गावठी काढे, चूर्णे, भस्मे डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत.

गोळी अख्खी गिळावी. फोडू नये, कुटू नये, चावू नये. ओलॅपॅरिब १०० आणि १५० मिलिग्रॅम अशा दोन मापांत येते, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाप्रमाणेच घ्यावी. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, नेहमीची घ्यावी. डबी चुलीजवळ किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नये.

वांगणीत अंध बंधू-भगिनींची शेकडो कुटुंबे राहतात. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. गोळीच्या बाबतीत डोळसांनी हे शिकण्यासारखे आहे. एकच जागा, एकच वेळ. आणि रुग्ण भगिनी अंध असेल तर सकाळच्या डबीला एक रबर, रात्रीच्या डबीला दोन रबर लावावेत. हाताला लगेच कळते.

वांगणी ते परळ

आपल्या भागातील बहुतेक रुग्ण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. काहींना त्याच संस्थेच्या खारघरच्या केंद्रात बोलावतात. परळसाठी दादरला उतरावे लागते, खारघरसाठी ठाण्याला गाडी बदलावी लागते. कर्जत लोकलच्या गर्दीत अशक्त बाईला उभे करून नेणे हे वेगळेच दुखणे आहे. लोकलमध्ये दिव्यांग आणि कॅन्सर रुग्णांसाठी राखीव डबा असतो. रुग्णालयाचा कागद जवळ ठेवून त्यात बसावे. तो आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. बाहेरगावच्या गाड्यांतही उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यावर रुग्णालयाचा दाखला लागतो.

दर खेपेला परळला जायलाच हवे असेही नाही. महिन्याची साधी रक्ततपासणी बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरला करून चालेल का, आणि रिपोर्ट कोणाला व कसा कळवायचा, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. एवढ्याने एका भेटीचा खाडा आणि भाडे वाचते.

पावसाळ्याची तजवीज वेगळी करावी. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. गाड्या बंद पडल्या तरी गोळी बंद पडता कामा नये. जून लागण्यापूर्वी निदान दहा दिवसांच्या जादा गोळ्या घरात असाव्यात. शेवटची पट्टी फोडल्यावर औषधाला निघणे हे वांगणीच्या माणसाला परवडणारे नाही.

आकड्याची धास्ती

या आजारात सीए-१२५ नावाची रक्ततपासणी करतात. तिचा आकडा हा घराचा जणू भाव होऊन बसतो. ३५ च्या खाली असला की सगळे हसतात, थोडा चढला की चूल पेटत नाही. तपासणीच्या आधीचे चार दिवस बाईला झोप येत नाही. ती कुणाला सांगत नाही, कारण "आता कशाला रडतेस, बरी झालीस ना?" हे ऐकावे लागते.

तर हे लक्षात घ्यावे. सीए-१२५ कॅन्सरखेरीज दुसऱ्या कारणांनीही वर जातो. एका आकड्यावर डॉक्टर निर्णय घेत नाहीत. दोन-तीन तपासण्यांची चाल, तक्रारी आणि स्कॅन असे मिळून पाहतात. आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ५२९ स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की काही तक्रार नसताना केवळ आकडा चढला म्हणून लगेच केमो सुरू केल्याने आयुष्य वाढले नाही. म्हणजे आकडा चार दिवस उशिरा कळला म्हणून काही बुडत नाही. रिपोर्ट आणायला बाईला एकटे पाठवू नये, एवढे मात्र घराने पाळावे.

रोजची गोळी रोज आजाराची आठवण करून देते. केमोच्या वॉर्डात सोबतच्या बाया असतात, एकमेकींना धीर देतात. घरी आल्यावर ती सोबत तुटते. अभिनेत्री मनीषा कोईराला यांना २०१२ साली हाच आजार झाला. न्यूयॉर्कमध्ये उपचार झाले आणि पुढे त्या स्वतःच्या भीतीविषयी उघडपणे बोलल्या, २०१८ साली पुस्तकही आले. त्यांच्याजवळ पैसा होता, आपल्याजवळ नाही. पण बोलायला पैसा लागत नाही. आजार लपवून ठेवणारी बाई गोळीही लपूनच घेते, आणि लपून घेतलेली गोळी चुकते.

पैशाचा हिशेब

आता खर्च. दोन वर्षे चालणाऱ्या गोळीचा खर्च महिन्याच्या पगारातून निघत नाही. म्हणून चिठ्ठी हातात पडताच चार ठिकाणी विचारपूस करावी.

पहिले, रुग्णालयातच. टाटासारख्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. रेशनकार्ड, आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तेथे बसावे. कोणत्या ट्रस्टकडे अर्ज करावा हे तेच सांगतात. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून मुंबईत काम करीत आहेत.

दुसरे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ऑपरेशन आणि केमोला तिचा मोठा आधार होतो. पण घरी घ्यायची आपली गोळी पॅकेजमध्ये बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला गोळीच्या नावानिशी विचारावे. "योजना आहे ना" या भरवशावर राहू नये.

तिसरे, कामगार विमा. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कित्येक घरांचा ईएसआय कापला जातो आणि कार्ड पेटीत पडून असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार केला आणि १९४८ साली कायदा झाला. विमा नवऱ्याचा असेल तरी बायकोच्या उपचाराची सोय त्यात आहे. आणि बाई स्वतः विमेदार असेल, तिची ठरावीक नोकरी व वर्गणी भरलेली असेल, तर कॅन्सरसाठी दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. राजीनामा देण्यापूर्वी हे विचारावे. पुष्कळ भगिनी आधी नोकरी सोडतात आणि मग चौकशी करतात.

चौथे, औषधाची किंमत. एकाच औषधाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या किमतीत केवढा फरक असतो, हे २०१२ साली देशाने पाहिले. सोराफेनिब या कॅन्सरच्याच रोजच्या गोळीला महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये लागत. सरकारने सक्तीचा परवाना दिल्यावर भारतीय कंपनीची तीच गोळी सुमारे ८,८०० रुपयांना मिळू लागली. आज पार्प जातीच्या गोळ्याही भारतीय कंपन्या बनवतात. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "साहेब, यातली स्वस्त आणि चालण्यासारखी कोणती?" यात लाज कसली? मात्र पक्के बिल आणि बॅच नंबर घेतल्याशिवाय गोळी घेऊ नये. मार्च २०२४ मध्ये दिल्लीत कॅन्सरची बनावट औषधे विकणारी टोळी पकडली गेली होती. ओळखीच्या माणसाकडून पिशवीतून आलेली स्वस्त गोळी सर्वांत महाग पडते.

पैसे खरोखरच संपले तर गोळी अर्धी करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे. ते डोस, कंपनी किंवा औषध बदलू शकतात. न सांगता अर्धी केलेल्या गोळीवर मात्र त्यांना काहीच करता येत नाही.

शंभर पानी वही

आम्ही कारकून, म्हणून आमचा एक कारकुनी सल्ला. शंभर पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा. तारीख, सकाळची गोळी, रात्रीची गोळी, काय त्रास झाला, दुसरे कोणते औषध घेतले. मागच्या पानांवर हिमोग्लोबिन, प्लेटलेट, रक्तदाब आणि खर्च. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्यावे. डॉक्टरांसमोर पाच मिनिटे मिळतात. तेथे आठवून सांगण्यापेक्षा वही पुढे करावी. जमाखर्च बरोबर असला की वाद राहत नाही, हे दुकानात खरे आहे आणि दवाखान्यातही.

लेकीबाळींचा प्रश्न

बीआरसीएचा दोष आईकडून किंवा बापाकडून येतो. असा दोष असलेल्या आईच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो वा मुलगी. बीआरसीए-१ चा दोष असेल तर अंडाशयाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका शंभरांत चाळीसच्या घरात जातो. एरवी तो शंभरांत एखादा असतो. हॉलीवूडची नटी अँजेलिना जोली हिची आई २००७ साली या आजाराने गेली. तपासणीत स्वतःमध्येही दोष निघाल्यावर तिने २०१५ साली अंडाशये काढून घेतली. प्रत्येकीने तसे करावे असे नव्हे. पण आईचा रिपोर्ट दोषाचा निघाला तर मुलींनी, बहिणींनी आणि भावांनीही जनुकतज्ज्ञाला भेटावे. टाटा स्मारकमध्ये यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

येथे सासरमाहेरची तोंडे सुटतात. "त्यांच्या घराण्यातच खोट आहे," "मागच्या जन्मीचे भोग," "कुणाची तरी नजर," असे बोलले जाते. मुलीचे लग्न मोडेल म्हणून रिपोर्ट दडवला जातो. दोष जनुकात असतो, चारित्र्यात नसतो. कारण शोधावे आणि उपाय करावा, ही आपली शिकवण आहे. गंडेदोरे आणि अंगारे यांना या आजारात जागा नाही, आणि बाईला दोष देण्यालाही नाही.

घरातील पुरुषांना एक सांगणे आहे. अंडाशये काढल्यावर पाळी एकदम बंद होते. अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते, झोप उडते, जवळीक नकोशी होते किंवा दुखते. हे सारे शरीराचे आहे, तुमच्यावरचा राग नव्हे. यावरही उपाय असतात. दोघांनी मिळून डॉक्टरांना विचारावे. आणि पाण्याचा हंडा दोन वर्षे तुम्ही उचलला तर काही कमीपणा येत नाही.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक वस्तीत महिला मंडळ आहे, दर रविवारी विहारात बैठक होते. तेथे चार गोष्टी ठरवता येतील. वस्तीत कुणी भगिनी मेंटेनन्सच्या औषधावर असेल तर परळच्या खेपेला पाळीपाळीने एक सोबतीण द्यावी. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या रक्तदान शिबिरांतील रक्तदात्यांची नावे व रक्तगट एका वहीत ठेवावेत, म्हणजे अडल्या वेळी शोधाशोध होणार नाही. योजनांचे फॉर्म भरण्यासाठी शिकलेल्या दोन मुलांनी आठवड्यातून एक तास द्यावा. आणि चाळिशीपुढच्या ज्या बाईचे पोट तीन आठवडे सतत फुगते, तिला गॅसची गोळी देऊन परत न पाठवता तपासणीला न्यावे.

यातले एकही काम पैशावाचून अडणारे नाही. केमोच्या दिवशी आपण सगळे धावून जातो, हा आपल्या समाजाचा चांगुलपणा आहे. तेवढीच धाव सातशेव्या गोळीच्या दिवशीही हवी. तो दिवस कॅलेंडरवर कुठे लिहिलेला नसतो. म्हणून आजच आपल्या गल्लीतल्या त्या ताईच्या घरी जावे, आणि "बरी आहेस ना?" असे विचारण्याऐवजी "या महिन्याची गोळी आली का?" असे विचारावे.